सभागृहात बसलेल्या सगळ्या मुली एकसारख्या नसतात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. त्यानिमित्त महाविद्यालयांत झालेल्या कार्यक्रमांचे फोटो आपल्या अंकात आले. त्यातल्या एका फोटोत व्यासपीठामागच्या फलकावर ‘आत्महत्या हा भ्याडपणा आहे’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि समोर दोन-तीनशे मुले-मुली बसलेली होती. फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण असे वाक्य ऐकून सावरणाऱ्या मुलांपेक्षा गप्प होणारी मुलेच जास्त असतात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. ते का झाले हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. आता निवृत्त आहे. आमच्याकडे बीड, यवतमाळ, नंदुरबारच्या मुली असत, सांगली-कोल्हापूरकडच्या असत, मिझोराम-मणिपूरच्या असत. पुण्यात परदेशी विद्यार्थी वर्षानुवर्षे येतात, त्यामुळे इराण, अफगाणिस्तान, इथिओपियातून पीएच.डी.साठी आलेल्याही काही जणी असायच्या. एका सत्रापुरती जर्मनीची एक मुलगीही राहून गेली. रात्रीच्या जेवणानंतर या सगळ्या टीव्हीच्या खोलीत जमत.

एकदा शहरातल्या दुसऱ्या एका वसतिगृहात एका मुलाने जीव दिल्याची बातमी आली. त्या रात्री टीव्ही बंद आणि बोलणे चालू. मी हजेरीचे रजिस्टर घेऊन दाराशी आले होते, ते बाजूला ठेवून आत जाऊन बसले. इथिओपियाची मुलगी सांगत होती की तिच्याकडे असा मृत्यू झाला तर चर्चमध्ये अंत्यविधीची प्रार्थना होत नाही, म्हणून घरचे लोक कारण दुसरेच सांगतात. इराणी आणि अफगाण मुलींनी ही गोष्ट हराम आहे एवढेच सांगितले. जीव ज्याने दिला त्यानेच तो न्यायचा. मिझो मुलगीही पापच म्हणाली, पण तिने पुढे भर घातली की आमच्या वस्तीत कुणीही गेले तरी यंग मिझो असोसिएशनची मुले रात्री त्या घरी येऊन बसतात, गाणी म्हणतात, घरच्यांना एकटे सोडत नाहीत. जर्मन मुलगी म्हणाली, माणसाला स्वतःच्या मरणाचा निर्णय स्वतः घेता आला पाहिजे. यावर आमची सांगलीकडची मुलगी ताडकन म्हणाली, “आणि आई-बापांचं काय? त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं?” जर्मन मुलीला हा प्रश्न मध्येच कुठून आला ते कळेना, आणि सांगलीच्या मुलीला तिला तो कळत कसा नाही हे कळेना. दोघीही आपापल्या घरच्या पद्धतीने विचार करत होत्या. पुण्याच्या मुलीने “डिप्रेशन असणार, ट्रीटमेंट घ्यायला हवी होती” असे सांगून विषय मिटवला. यवतमाळची मुलगी तेवढी काही बोलली नाही.

वयाने सगळ्या अठरा ते तीस, मेसची पोळी-भाजी एकच, परीक्षा जवळपास त्याच. आणि एका मृत्यूकडे बघण्याच्या इतक्या तऱ्हा.

यातली एक गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली. जिचे बोलणे त्या रात्री सगळ्यांना खटकले, ती जर्मन मुलगी आधीच्या महिन्यात माझ्याकडे येऊन म्हणाली होती, झोप लागत नाही, उगाच रडू येते, इथे समुपदेशक कुठे भेटतील? दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारावा इतक्या सहज. पाप, हराम, घराण्याचे नाव म्हणणाऱ्या मुलींपैकी मात्र अशी उघड विचारणा करायला कुणी आली नाही. त्या येत त्या डोकेदुखीची गोळी मागायला. सुटीचा अर्ज घेऊन येत. ‘मेसचं जेवण जात नाही’ अशी तक्रार घेऊन येत. ही तक्रार आठवडाभर तीच राहिली की मी स्वयंपाकाची चौकशी न करता मुलीला बसवून घ्यायची.

म्हणून जर्मन मुलीचे मत बरोबर होते, असे मला म्हणायचे नाही. मरणाला मोकळीक देणारी मते असलेल्या तरुणांच्या स्वतःच्या मनातही तसे विचार जास्त येतात, असे निरनिराळ्या देशांतले संशोधन सांगते. धर्माची बंदी कित्येकांना खरोखर धरून ठेवते, हेही मी पाहिले आहे. त्या इराणी मुलीचे संशोधन अडले होते, घरी वडील आजारी होते, व्हिसाची मुदत संपत आली होती. नंतर बऱ्याच दिवसांनी ती मला म्हणाली, एका रात्री मला फक्त नमाजाने थांबवले. तिचा हा आधार मोडून तिला ‘आधुनिक’ करायला मी कोण? पण तिच्याशी बोलताना ‘हे पाप आहे’ हे पुन्हा सांगण्याचीही काही गरज नव्हती. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. तिला हवे होते ते दुसरेच: मार्गदर्शकांशी कुणीतरी बोलणे, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात कुणीतरी सोबत जाणे, आणि ‘तुला असे विचार आले म्हणून तू वाईट मुस्लिम ठरत नाहीस’ असे तिच्याच धर्माच्या एखाद्या जाणत्या बाईने सांगणे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आम्ही केल्या. तिसरी गोष्ट कॅम्पातल्या एका वयस्क बाईंनी आपणहून केली.

या फरकांचा अभ्यासही झालेला आहे. मद्रास आणि व्हिएन्ना इथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आत्महत्येविषयीच्या मतांची तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधकांमध्ये चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार होत्या. ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधक संस्था १९८६ मध्ये त्यांनीच सुरू केली. मद्रासच्या विद्यार्थ्यांचा सूर एकूण जास्त कडक आणि धिक्काराचा निघाला, व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांचा जास्त मोकळा. आता या कडकपणामुळे आपल्याकडची मुले सुरक्षित झाली का, ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला आणि तमिळनाडू दुसरा. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थी गेले, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. इथेही आपणच पहिले. पाप, भ्याडपणा, खानदानाला बट्टा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. धिक्काराने हे थांबत असते तर आपले राज्य या यादीत सर्वांत वर नसते.

आता यवतमाळच्या मुलीचे सांगते. आमच्याकडेही १० सप्टेंबरला एक वक्ते आले होते. बोलणे जोरकस, मध्ये मध्ये शेर, मुली टाळ्या वाजवत होत्या. बोलण्याच्या भरात ते म्हणाले, “आत्महत्या करणारा माणूस भित्रा असतो, जबाबदारी टाकून पळणारा असतो.” ही मुलगी मधल्या रांगेतून उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आली. हातात वही होती, वहीच्या कोपऱ्याचा पुठ्ठा ती नखाने सोलत होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, “मॅडम, माझे बाबा भित्रे नव्हते. दुबार पेरणी केली त्यांनी. बैल विकून केली.” वडील गेले तेव्हा ती नववीत होती. तहसीलची माणसे चौकशीला आली. शेतकऱ्याची आत्महत्या सरकारी नियमात ‘पात्र’ ठरली तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. यांचे प्रकरण ‘अपात्र’ झाले, कारण बँकेचे कर्ज आधीच थकल्यामुळे वडिलांनी परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचलले होते. म्हणजे सरकारने त्यांचा मृत्यू अपात्र ठरवला होता, आणि आता व्यासपीठावरून पाहुण्यांनी माणूसच भित्रा ठरवला.

तिच्या गावाकडे हा विषय पुण्यातल्या घरांसारखा झाकून ठेवलेला नसतो. चिलगव्हाण हे गाव त्याच यवतमाळ जिल्ह्यातले. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह जीवन संपवले, आणि आता दर १९ मार्चला अनेक जण त्यांच्यासाठी एक दिवस उपवास करतात. ज्या मुलीने असे मृत्यू आळीत पाहिले, ज्यांच्याकडे लोक दोष म्हणून न बघता अन्याय म्हणून बघतात, तिला ‘भ्याड’ हा शब्द शिवीच वाटणार. आणि घरात असा मृत्यू झालेल्या मुलांना स्वतःलाही इतरांपेक्षा जास्त धोका असतो, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. त्या सभागृहात जिच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोहोचायला हवे होते, तिलाच आम्ही बाहेर घालवले.

त्या वर्षी तिचे निभावले. बोलत राहिली म्हणून निभावले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी ती माझ्याकडे चहाला यायची आणि बहुतेक वेळ शेतीबद्दलच बोलायची. कापसाचा भाव, बोंडअळी, धाकट्या भावाची आयटीआयची फी. मी ऐकायचे. पुढे विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागातून एक समुपदेशक बाई मिळाल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या, बोलायला लागल्या की वऱ्हाडी सूर यायचा. त्यांच्याकडे ही मुलगी विनातक्रार जाऊ लागली. त्याआधी महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाने तिला मोबाइलवर एक इंग्रजी प्रश्नावली भरायला पाठवली होती आणि तिने प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण केली होती. माझ्या मुलींपैकी निम्म्या तरी अशाच खुणा करत. ‘जीव नकोसा झालाय’ हे जिला आईजवळही म्हणता येत नाही, ती ते मोबाइलमधल्या चौकटीत लिहिणार नाही.

नंदुरबारकडच्या, आदिवासी आश्रमशाळेतून आलेल्या मुलींचे आणखी वेगळे. ‘मन घट्ट कर, खचू नकोस’ हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. कारण प्रवेशाच्या दिवसापासून ‘कोट्यातून आलीस ना?’ ऐकत मन घट्ट करूनच त्या तिथवर आलेल्या असतात. अशा मुलीचे दुखणे तिच्या मनात शोधण्याआधी तिच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत शोधावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्येच समान संधी कक्ष नेमायला सांगितले होते. तो कक्ष कागदावर असून चालत नाही. तिथे कोण बसते, केव्हा बसते, हे मुलींना माहीत असावे लागते.

आणि पोलिसांची भीती. प्रयत्न फसून एखादी मुलगी वाचली की आई-वडिलांचा पहिला प्रश्न ‘केस होईल का?’ हाच असतो. या भीतीपायी लोक रुग्णालयात खरे सांगत नाहीत, आणि पुढचे उपचार तिथेच तुटतात. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारे दंडविधानाचे ३०९ कलम मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरवले. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने बाजू पालटली. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरून चालायचे, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे काम. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ हे कलम उरलेलेच नाही. हे प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर मराठीत लावायला काय हरकत आहे? कायद्याने गुन्हा काढून टाकला, पण महाविद्यालये अजून शिक्षा देतातच. ‘मुलीला घरी घेऊन जा, वर्षभर विश्रांती द्या, दाखला नेला तरी चालेल’ अशी गोड भाषा मी स्वतः ऐकली आहे. खोलीतल्या मैत्रिणी हे सगळे बघत असतात आणि त्यांना समजायचे ते समजते: आपल्यालाही असे काही वाटले तर कुणाला सांगायचे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. २५ जुलैच्या दुसऱ्या एका निकालात शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षक-शिक्षकेतर सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे सांगितले. ‘शिक्षकेतर’ हे वाचून मला फार बरे वाटले. कोण मुलगी ताट तसेच ठेवून उठते हे मेसच्या मावशींना दिसते. कोण पहाटे तीनला जिन्यात बसते हे वॉचमनला माहीत असते. आपली बादली, किटली, आवडता ड्रेस मैत्रिणींना वाटून टाकणाऱ्या एका मुलीची खबर मला आमच्या सफाईच्या ताईंनी दिली होती, “मॅडम, ही पोरगी सामान वाटतीय आणि परीक्षा तर अजून व्हायचीय.” ताईंची शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी जे ओळखले ते त्या मुलीच्या वर्गशिक्षकांना ओळखता आले नव्हते. आम्ही त्याच संध्याकाळी तिला सरळ विचारले, तुझ्या मनात जीव देण्याचा विचार आहे का? असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. ती रडली आणि ‘हो’ म्हणाली. रात्रभर आम्ही तिला एकटे ठेवले नाही आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. आज ती नोकरी करते आहे.

माझी मागणी मोठी नाही. भाषणाच्या आधी आयोजकांनी एवढा तरी विचार करावा की समोर कोण बसले आहे. ज्यांच्या घरी असा मृत्यू झाला आहे अशी मुले प्रत्येक मोठ्या सभागृहात असतात, हे वक्त्यांना आधी सांगावे. श्रद्धाळू मुलीशी तिच्या श्रद्धेचा मान ठेवून बोलावे, गावाकडच्या मुलीशी तिच्या बोलीत बोलावे, इज्जतीच्या ओझ्याखाली असलेल्या मुलीच्या आई-वडिलांनाही बोलवावे. निकालाच्या दिवसांत आणखी जागे राहावे. आपल्या राज्यात दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैमध्ये होऊ लागली आणि मुलांचे वर्ष वाचू लागले. अनेक विद्यापीठांच्या परीक्षांत मात्र अजूनही एका विषयासाठी सहा महिने ताटकळावे लागते. हे बदलणे कुलगुरूंच्या हातात आहे, त्यासाठी मानसशास्त्र लागत नाही.

आणि संपादक महोदय, काही आपल्याही हातात आहे. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत. बातमी ठळक जागी नको, कसे केले याचे वर्णन नको, चिठ्ठीतला मजकूर नको. तरीही ‘कमी गुण मिळाल्याने विद्यार्थिनीने...’ अशा मथळ्यांनी एकच कारण चिकटवलेल्या बातम्या सगळीकडे छापल्या जातात. वसतिगृहात तो अंक वाचनालयाच्या टेबलावर पडलेला असतो आणि त्याच विषयात नापास झालेली दुसरी मुलगी तो वाचत असते. आपल्या दैनिकाने अशा प्रत्येक बातमीखाली केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चोवीस तास सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या मनात आत्ता असे विचार असतील, तर त्यांनी आजच हा क्रमांक फिरवावा किंवा जवळच्या एका माणसाला सांगावे. समोरच्याला ओझे होईल याची काळजी करू नये. मी इतकी वर्षे ऐकत होते, मला एकदाही ओझे वाटले नाही.

पत्रातल्या मुली ओळखू येऊ नयेत म्हणून माझे आणि महाविद्यालयाचे नाव छापू नये, ही विनंती. पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयासाठी सोबत जोडला आहे. एखाद्या महाविद्यालयाला रेक्टर, मेस कर्मचारी आणि वॉचमन यांच्यासाठी एकत्र बैठक घ्यायची असेल, तर आपल्यामार्फत कळवावे. मी जिल्ह्यात कुठेही स्वखर्चाने येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त रेक्टर, पुणे